सेनापती नसलेलं युद्ध

जपानला जाण्याआधी मी पुण्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होते. प्राचीन जगाचा पेपर डिपार्टमेंटमध्ये कुणालाच नको असायचा, म्हणून तो दरवर्षी माझ्या गळ्यात पडायचा आणि मला तो मनापासून आवडायचा. ग्रीस, रोम, कार्थेज. मुलं मागच्या बाकांवर पेंगत असायची आणि मी फळ्यावर भूमध्य समुद्र काढत असायचे. इटलीचा बूट मला डोळे मिटूनही काढता येत होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्याला त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत काही वर्षांच्या करारावर काम मिळालं. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, मूलबाळ नव्हतं. मी राजीनामा दिला. तेव्हा तो निर्णय वाटलाही नाही, सगळ्यांनी तो गृहीतच धरला होता, मीसुद्धा.

त्सुकुबा आधी कागदावर आखून मग बांधलेलं शहर. रस्ते प्रशस्त, झाडं एका रांगेत, माणसं मात्र मोजकीच. त्या वेळी तिथे रेल्वे नव्हती. टोकियोला जायचं तर हायवेने बस. नवरा सकाळी सायकलवरून लॅबमध्ये जायचा तो जेवायच्या वेळेलाच उगवायचा. लॅबमध्ये सगळे इंग्रजी बोलत, त्यामुळे त्याचं जपानीवाचून काही अडत नव्हतं. माझं सगळंच अडत होतं. संध्याकाळी पाच वाजता गावातल्या भोंग्यांवरून एक संथ धून वाजायची. खेळणाऱ्या मुलांनी आता घरी जावं, यासाठी ती असते हे मला पुष्कळ नंतर कळलं. तोवर मी ती वाजली की चहा ठेवायचे. दिवसात ठरलेलं असं तेवढंच काहीतरी होतं.

एकदा कुकर लावताना मला ऐकू आलं की मी मोठ्याने बोलतेय. सिसिलीवर लेक्चर देत होते, तेही "मागे आवाज येतोय का?" असं विचारून. गॅस बंद करून मी खुर्चीत बसले. हसू आलं, पण ते कुणाला सांगणार?

मग कचऱ्याचं झालं. तिथे जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. मी ठेवलेली पिशवी एका सकाळी तशीच मागे राहिली होती आणि तिच्यावर एक कागद चिकटवला होता. काय लिहिलंय ते मला वाचता येईना. बाकीच्या सगळ्या पिशव्या गेलेल्या आणि माझी एकटीच तिथे. शेजारच्या बाई आल्या, माझ्याकडे बघून हसल्या, काहीतरी म्हणाल्या, वाकल्या आणि गेल्या. त्या काय म्हणाल्या असतील याचा मी दिवसभर विचार करत बसले. रागावल्या, की समजावून सांगितलं, की नुसतं "थंडी वाढली" म्हणाल्या? दुसऱ्या दिवशी मी गावच्या सार्वजनिक सभागृहात चालणाऱ्या जपानीच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग कसला, स्वयंसेवकांनी चालवलेला उपक्रम होता. एका मोठ्या खोलीत टेबलं मांडलेली, मधोमध रॉकेलचा स्टोव्ह, त्याच्यावर किटली. एका विदेशी माणसाला एक जपानी माणूस. माझ्या वाट्याला सत्तरीचे एक गृहस्थ आले. उंच, किंचित वाकलेले, कोपरावर चामड्याचं ठिगळ लावलेला कोट. माझ्याशी ते इतकं सावकाश बोलायचे की शब्द ताटात वाढल्यासारखे एकेक समोर यायचे.

पहिल्या धड्यात व्यवसाय होता. "तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. तेवढं येत होतं. मग मागच्या पानावरचा भूतकाळ शोधून काढला. "भारतात शिकवत होते. कॉलेजमध्ये. इतिहास."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मीसुद्धा," ते म्हणाले. "शाळेत. जगाचा इतिहास. तुमचा कुठला?"

"रोमा," मी म्हणाले. जपानीत रोमला रोमाच म्हणतात, हे मी अंदाजाने ठोकून दिलं होतं.

ते खुर्चीत ताठ झाले. "कारुतागो?" मला क्षणभर कळेना. मग त्यांनी हातानेच सोंड केली आणि मला कळलं, कार्थेज.

त्या दिवसापासून ते मला सेन्सेई म्हणू लागले, म्हणजे शिक्षक. मी त्यांना म्हणतच होते. एरवी मी त्या गावात कुणाची तरी बायको होते. वर्ग सुटल्यावर सायकल काढताना ते पाठीमागून "सेन्सेई, पुढच्या गुरुवारी" म्हणाले की मला वळून पाहायला एक क्षण जास्त लागायचा.

हिवाळ्यात पुस्तकातला जर-तरचा धडा आला. पाऊस पडला तर घरी राहीन. स्वस्त असेल तर घेईन. सेन्सेईंनी दोन वाक्यं वाचली आणि पुस्तक मिटलं.

"आपण दोघं इतिहासाची माणसं," ते म्हणाले. "पावसाचं काय घेऊन बसलोय?" आणि फळ्यावर त्यांनी एक नाव लिहिलं, मग त्याच्यावर आडवी रेघ मारली. "हा नसता तर?"

ते नाव कार्थेजच्या सेनापतीचं होतं. ज्यांनी शाळेत रोमचा इतिहास अर्धवट ऐकला असेल त्यांनाही हा माणूस आठवतो, कारण त्याने हत्ती घेऊन बर्फातून आल्प्स ओलांडला. उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज म्हणजे व्यापाऱ्यांचं शहर, आणि समुद्रापलीकडे वाढत चाललेलं रोम. दोघांचं एक युद्ध होऊन गेलेलं होतं, त्यात कार्थेज हरलं होतं. दुसऱ्या खेपेला या तरुण सेनापतीने युद्ध थेट इटलीत नेलं. पंधरा-सोळा वर्षं तो तिथे ठाण मांडून होता. एका लढाईत तर त्याने एका दिवसात रोमचं अख्खं सैन्य कापून काढलं. शेवटी हरला तोच. पण रोमच्या मनात जी भीती बसली ती गेली नाही, आणि दोन पिढ्यांनी त्यांनी कार्थेज जमीनदोस्त करून टाकलं.

हा माणूस नसता तर. जपानीत "नसता तर" म्हणजे "इनाकात्तारा". मी पहिलं वाक्य जुळवलं: "तो नसता तर हत्ती मेले नसते."

सेन्सेई इतके हसले की शेजारच्या टेबलावरच्या ब्राझिलियन बाई वळून पाहू लागल्या.

मग आम्ही दर गुरुवारी ते युद्ध पुढे नेऊ लागलो. दुकानात मला अजून मासे कापून मागता येत नव्हते, पण वेढा, तह, आरमार, घोडदळ हे शब्द पाठ झाले. घरी मी कणीक मळताना वाक्यं जुळवायचे. आठवडाभर आता मनात एक पटावरचा डाव मांडलेला असायचा.

सेन्सेईंचं म्हणणं, युद्ध झालंच नसतं. "या सेनापतीच्या आधी कार्थेजच्या ताब्यातल्या स्पेनमध्ये कोण होता? त्याचा मेव्हणा. बोलका माणूस. त्याने रोमशी तह केला, नदी ही हद्द ठरवली. तो मारला गेला आणि सैन्याने या पोराला निवडलं. हा नसता तर एखादा पोक्त माणूस निवडला असता. त्याने तह पाळला असता."

"त्याने पाळला असता," मी म्हणायचे, "पण रोमने? पहिलं युद्ध संपल्यावर, कार्थेज अडचणीत असताना रोमने सार्डिनिया गिळलंच की. तह असूनसुद्धा."

हे सगळं मी इतक्या सरळ बोलत नव्हते. "रोमा वाईट. बेट खाल्लं." असं काहीतरी म्हणत होते. ते मला नीट वाक्य करून द्यायचे, मी ते पुन्हा म्हणायचे आणि मग ते माझ्याच वाक्याविरुद्ध वाद घालायचे.

माझं म्हणणं, युद्ध झालं असतं, पण आफ्रिकेत. रोमचा एक कॉन्सुल, म्हणजे त्या वर्षीचा मुख्य अधिकारी, तर जहाजं घेऊन सिसिलीत तयारच होता. सेनापती आल्प्स उतरल्याची बातमी आली म्हणून त्याला माघारी बोलावलं. तो नसता तर ती जहाजं आफ्रिकेला लागली असती. दोन-तीन वर्षांत सगळं आटोपलं असतं. कार्थेजने स्पेन सोडलं असतं, खंडणी भरली असती आणि पुढे शंभर-दोनशे वर्षं सुखाने आपलं नावाजलेलं जांभळं कापड विकलं असतं. ज्या शहराची कुणाला भीती वाटत नाही ते कोण कशाला जाळेल?

"आणि रोम?" सेन्सेईंनी विचारलं.

"रोम गाफील राहिलं असतं. त्या पराभवातूनच ते शिकलं."

"छोटं राहिलं असतं," ते म्हणाले. "दक्षिण इटलीतली गावं जळली नसती. शेतकऱ्यांची मुलं घरी आली असती." किटलीचं झाकण खडखडत होतं. ते उठले, ती उचलून बाजूला ठेवली आणि परत येऊन बसले.

"माझा थोरला भाऊ परत आला नाही," ते म्हणाले. नेहमीच्याच सावकाश, धडा सांगण्याच्या आवाजात. "ब्रह्मदेशातून. घरी शेत होतं, कमळाच्या मुळांचं. ते विकलं आणि मला शिकायला पाठवलं. भाऊ युद्धावर गेला नसता, तर मी आज चिखलात उभा राहून मुळं काढत असतो." ते जरासे हसले. "वाक्य लक्षात आलं? कर्ता बदलला तरी जर-तर तसंच राहतं. आता तुम्ही करा. स्वतःबद्दल."

मला ब्रह्मदेश कळला, भाऊ कळला, बाकीचं हळूहळू उमगत होतं. म्हणून सोपं होतं ते वाक्य केलं. "नवरा नसता तर मी जपानला आले नसते."

"अगदी बरोबर," ते म्हणाले. व्याकरणाबद्दल.

पण वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला ते कसंतरीच वाटलं. त्याला जोडून काहीतरी बोलायचं होतं, की मला तसं म्हणायचं नाही, किंवा तसंच म्हणायचंय पण तक्रार नाही. तेवढी भाषा माझ्याकडे नव्हती. रोमबद्दल होती, नवऱ्याबद्दल नव्हती. परत जाताना समोरून वारा होता. तिथला हिवाळी वारा कोरडा असतो, डोंगरावरून सरळ अंगावर येतो. मी उतरून सायकल ढकलत चालले आणि ते वाक्य मराठीत म्हणून पाहिलं. मराठीत ते जास्त टोचलं.

त्या दिवशी जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "आज आम्ही कार्थेज वाचवलं."

"अरे वा," तो म्हणाला. "कुणापासून?"

"रोमपासून."

"छान." त्याने आणखी आमटी घेतली. थोड्या वेळाने म्हणाला, "आमचं मशीन आज परत बंद पडलं." आणि ते मशीन काय करतं हे मला कुठे माहीत होतं? त्याने कधी सांगितलं असेल तरी मी ऐकलं नव्हतं. चांगला माणूस. आम्ही दोघंही चांगलेच होतो. एका टेबलाशी बसून आपापल्या शहरांत असायचो.

उन्हाळ्यात सेन्सेईंनी परस्पर एक गोष्ट ठरवून टाकली. सभागृहाचा दरवर्षी शरदात एक सांस्कृतिक दिवस असतो. फुलांच्या रचना, समूहगान, नूडल्सचे स्टॉल, आणि एका खोलीत भाषणं. तिथे आम्ही दोघांनी बोलायचं. ते खरं युद्ध सांगणार आणि मी सेनापती नसलेलं.

"मला जमणार नाही," मी म्हणाले.

"लोक ऐकायला येत नाहीत," ते म्हणाले. "बसायला येतात. घाबरू नका."

सप्टेंबरात ते दोन गुरुवार आले नाहीत. तिसऱ्या वेळी आले ते कपाळावर पट्टी लावून. त्यांना डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सायकलसकट भाताच्या खाचरात पडले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात दुसरं कुणी नाही. मुलगा ओसाकात एका कंपनीत होता, तो येऊन घर आवरत होता.

"पुढच्या आठवड्यापासून मी ओसाकाला," ते म्हणाले.

"आणि भाषण?"

"अर्धं तर तुमचंच आहे. माझं अर्धं कुठल्याही पुस्तकात मिळेल."

मी त्यांना राहा म्हणू शकत नव्हते. कोण होते मी? मी वाकून नमस्कार केला, तेही वाकले, आणि त्यांच्या डोक्यावरचे विरळ पांढरे केस आणि पट्टीचं टोक तेवढं दिसलं. मग त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला. त्यानेही माझे आभार मानले, वडिलांचा वेळ बरा गेला म्हणून.

भाषण रद्द करता आलं असतं. मीच केलं नाही. घरात बसून दोन्ही युद्धं लिहून काढली, सेन्सेईंचं आणि माझं, आणि भिंतीकडे बघून म्हणायला लागले. या खेपेला निदान ते वेड वाटत नव्हतं.

खोलीत दहा-बाराजण असतील. बहुतेक फुलांच्या वर्गातल्या आजीबाई, हातात चहाचे कागदी पेले. एक आई झोपलेलं बाळ घेऊन कोपऱ्यात बसली होती. मी फळ्यावर भूमध्य समुद्र काढला. इटलीचा बूट काढला तेव्हा मागून "ओऽ" असा आवाज आला आणि माझा हात स्थिरावला. खरं युद्ध सांगून झाल्यावर मी फळ्यावरचा आल्प्स पुसला आणि म्हणाले, "आता हा माणूस नसता तर." पुढे मी किती चुका केल्या ते मला ठाऊक नाही. जपानीत आकाराप्रमाणे मोजायचे शब्द वेगळे असतात; हत्ती मोजताना मी कागदासारख्या चपट्या वस्तू मोजायचा शब्द वापरला, तेव्हा सगळ्याजणी हसल्या, मीही हसले. माझ्या युद्धात जहाजं आफ्रिकेला लागली, तह झाला, कार्थेज राहिलं.

प्रश्न कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हात वर केला. "तुमच्या त्या युद्धात," त्यांनी विचारलं, "रोमची मुलं घरी आली का?"

"बरीचशी आली," मी म्हणाले.

"आणि दुसऱ्या बाजूची?"

याचा विचार मी केला नव्हता. आम्ही दोघांनी तहाचा केला होता, जहाजांचा, खंडणीचा. "तीही," मी म्हणाले. खरं की खोटं, माहीत नाही. बाईंनी मान हलवली आणि चहाचा घोट घेतला.

फळा पुसायला वळले तेव्हा दारात नवरा उभा दिसला. सभागृहाच्या सपाता त्याच्या पायांना लहान होत होत्या, टाचा मागे बाहेर आलेल्या. लॅबमधून कधी आला कुणास ठाऊक. त्याला एक अक्षर कळलं नसणार.

सायकली हातात धरून आम्ही चालत निघालो. तो म्हणाला, "तुला इतकं बोलता येतं?"

"इतकंच येतं."

"त्या आजी काय विचारत होत्या?"

मी सांगितलं. त्याने सायकल दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "तुला परत जायचंय का? कॉलेजात?"

"हो," मी म्हणाले. "पण आत्ता नाही. करार संपू दे तुझा." आम्ही दोघांनी हे पहिल्यांदाच बोलून दाखवलं. त्यानंतर तो कधीकधी लॅबमधलं काहीतरी समजावून सांगायचा आणि मी ऐकायचे. कळायचं थोडंसं.

वसंतात मी ओसाकाला एकटी गेले. बसने टोकियो, मग शिन्कान्सेन ही वेगवान रेल्वे. सेन्सेई मुलाच्या फ्लॅटमध्ये आठव्या मजल्यावर राहत होते. सूनबाईंनी चहा दिला, गोड दिलं आणि त्या कामावर निघून गेल्या. सेन्सेईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. बरं दिसत होतं, पण वाचायला त्रास होई. आम्ही खाली नदीकाठी फिरायला गेलो.

"इथे करमतं का?" मी विचारलं.

"भाषा येत नाही," ते म्हणाले. मला वाटलं माझी चेष्टा करतायत. "खरंच. इथली बोली मला अर्धी कळत नाही. आणि मी बोललो की दुकानदार हसतो, कुठल्या खेड्यातून आलात विचारतो. म्हणून मी बोटाने दाखवतो. हे द्या, ते द्या." त्यांनी हवेत बोट दाखवून दाखवलं. "सेन्सेई, तुम्ही पहिल्या दिवशी 'काही नाही' म्हणालात ना, आता कोणी विचारलं तर मीही तेच म्हणतो."

यावर काही म्हणण्याएवढं जपानी आता माझ्याकडे होतं. तरी मी नुसतं एका बाकाकडे बोट दाखवलं. आम्ही बाकावर बसलो. मी त्यांना भाषण सांगितलं, आजीबाईंचा प्रश्न सांगितला.

"तीही आली म्हणालात?"

"हो."

"चुकलंच. तुमची जहाजं आफ्रिकेला लागली म्हणजे कार्थेजची मुलं आपल्याच दारात मेली." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण मीही तेच उत्तर दिलं असतं."

परतीच्या गाडीत शेजारी एक मध्यमवयीन बाई होत्या. कुठून आलात, इथे काय करता, विचारू लागल्या. मी सांगितलं, इतिहास शिकवते, भारतात, सध्या सुट्टीवर. त्यांनी मला एक संत्रं सोलून दिलं आणि नागोया येईपर्यंत आम्ही बोलत होतो, त्यांच्या सासूबद्दल, पुण्याच्या हवेबद्दल. नागोयाला त्या उतरल्या. उतरून खिडकीशी आल्या आणि गाडी हलेपर्यंत हात हलवत राहिल्या. पुढे टोकियोपर्यंत ती जागा रिकामीच राहिली. मी तिच्यावर माझी पिशवी ठेवली आणि बाहेर बघत बसले.